म्हाताऱ्या मेंढीचे डोळे

बिश्केक
४ ऑक्टोबर २००८

तायाके,

जनावरं-माणसं धड आहेत ना? मी धड आहे. जेवते, मफलर बांधते, पुढचं काही विचारू नका.

डबा पोचला. मकस्युतने गाडी थांबवताच बसस्थानकावर सगळ्यांदेखत आरोळी ठोकली, "डॉक्टरीणबाई, तुमचे डोळे आले!" शेजारच्या दोन बायका लगेच मागे सरकल्या. बर्फ अर्धा वितळला होता, पण डोळे ताजे होते. सहाच्या सहा कामाला आले.

आता एक सांगते, राग मानू नका. हे डोळे कोकरांचे होते. डोळ्यातलं भिंग एका पातळ पिशवीत असतं. मोतीबिंदू काढायचा तर आधी त्या पिशवीला गोल भोक पाडावं लागतं. कोकराची पिशवी रबरासारखी ताणते, फाटतच नाही, आणि म्हाताऱ्या माणसाची कागदासारखी सर्रकन फाटते. कोकरांवर हात बसवला तर माणसावर फसेन मी. तेव्हा म्हाताऱ्या मेंढीचे पाठवाल का? जितकी म्हातारी तितकी चांगली.

आमच्या कालीपा एजे (आमच्या मास्तर, अख्खं रुग्णालय त्यांना घाबरतं) यंदा एक कागद घेऊन आल्या आहेत. शस्त्रक्रियेचे तुकडे पाडलेत, प्रत्येक तुकड्याला एक ते पाच गुण. एक म्हणजे त्यांनी माझ्या हातातून हत्यार काढून घेतलं. पाच म्हणजे त्या गप्प बसल्या. परवा मला एकच पाच मिळाला, तो हात धुण्याला!

माणसाच्या डोळ्याला हात लावायला अजून अवकाश आहे. आधी मेंढी, मग परीक्षा, मग एजेंची सही. सही झाली तरी पहिले पेशंट कसे मिळतात माहीत आहे? त्या डोळ्याने ज्यांना काही म्हणजे काहीच दिसत नाही, असे. गमावण्यासारखं काही उरलं नाही, तोच डोळा आम्हा शिकाऊंच्या वाट्याला.

आई असती तर तिने हे सगळं ऐकून दार लावून घेतलं असतं. तुम्ही मामा असून ऐकता म्हणून लिहिते.

तुमची जीपार

●

कोक-बेल
१९ ऑक्टोबर

जीपार बाळे,

जनावरं-माणसं धड आहेत. भुरी घोडी लंगडते, पण ती तू इथे असल्यापासून लंगडतेच आहे.

चार म्हाताऱ्यांचे आठ डोळे पाठवतोय. तुझ्यापायी माझी गावात शोभा झालीय, ती ऐक. मेंढी कापायला सगळे मलाच बोलावतात, त्यामुळे मुंडी आधी माझ्या हातात. डोळे काढले की तुझ्या डब्यात, आणि मुंडी शिजून पाहुण्यांपुढे जाते ती आंधळी. परवा तुर्सुनच्या घरी जेवण होतं. मुंडीचा मान सोकोनला होता. निवृत्त झाला तरी त्याची कंपाउंडरकी काही जात नाही, त्याने मुंडी इकडून तपासली, तिकडून तपासली आणि म्हणाला, "इशेन, मला ज्याला वरचेवर बघावंसं वाटतं त्याला मी आता काय देऊ? कान?" सगळे पोट धरून हसले. पण म्हाताऱ्यांना ते रुचलेलं नाही. एक डोळा आपल्या माणसाला द्यायचा, दुसरा आपण खायचा, म्हणजे दोघांची गाठभेट होत राहते, ही रीत मी मोडतोय असं त्यांचं म्हणणं. म्हणू देत. रीत मोडली तर मोडली, पोरीचा हात बसू दे.

शिकाऊंना असले पेशंट देतात हे मला पटलं. आमच्याकडेही लोकर कातरायला शिकणाऱ्याला म्हातारी, ओरखडे पडलेली मेंढीच देतात. सोकोन विचारतो, की समजा एखाद्याला थोडं थोडं दिसतंय, तर तो कुणाकडे जाणार? तुझ्याकडे की मोठ्या बाईंकडे? त्याला उगाच चौकशा असतात. तरी कळव.

तायाके इशेन

●

बिश्केक
७ डिसेंबर

तायाके,

जनावरं-माणसं धड आहेत ना? उशीर झाला, रागावू नका. दिवसभर बाह्यरुग्ण विभाग, मग मेंढ्या, मग अभ्यास. खोलीतल्या मुली म्हणतात, माझ्या अंगाला खाटकाचा वास येतो. मी म्हणते, घराण्याचाच आहे.

म्हाताऱ्या मेंढ्या छान निघाल्या! पिशवी अगदी माणसासारखी फाटते. आतापर्यंत एकतीस डोळे झाले, त्यातले नऊ नीट.

सोकोन आकेंना सांगा, थोडं जरी दिसत असेल तर तो पेशंट थेट कालीपा एजेंकडे जाणार. माझ्या वाऱ्यालाही उभा करणार नाहीत त्याला.

परीक्षा फेब्रुवारीत आहे. मायक्रोस्कोपवर कॅमेरा लावतात. दुसऱ्या गावचे दोन डॉक्टर नुसतं चित्रण बघून गुण देतात. नाव नाही, चेहरा नाही, फक्त हात. वशिला चालायचा नाही. एजेंना माझा हात आवडतो, पण परवा पुन्हा ओरडल्या. "तू सुईच्या टोकाला चिकटून बसतेस. डोळा काय करतोय ते कोण बघणार, तुझी मावशी?" मला मावशी नाही असं म्हणणार होते, जीभ चावली.

आणि तुमचं अक्षर काय हो झालंय! ओळी डोंगर चढायला लागल्यात. किमिझ पिऊन लिहायला बसता की काय?

तुमची जीपार

●

कोक-बेल
११ जानेवारी २००९

बाळे,

जनावरं-माणसं धड आहेत. थंडी फार. पेनातली शाई गोठते म्हणून अक्षर असं. किमिझचं नाव घेऊ नकोस, हिवाळ्यात घोडीचं दूध मिळतं कुठे?

पण तुला हसायला एक देतो. गोठ्याच्या दाराची डावी चौकट माझ्यावर डूख धरून आहे. या महिन्यात तीनदा कपाळावर आपटली. चाळीस वर्षं त्याच दारातून येतोय मी. सोकोन म्हणतो, दार अरुंद झालं नाही, तू रुंद झालास. मेंढ्याही अलीकडे एकदम बाजूने उगवतात, आधी चाहूल देत नाहीत. म्हातारपणी सगळेच चेष्टा करायला लागतात बघ.

संध्याकाळी डोकं जरा ठणकतं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, लग्नातल्या रोषणाईसारखी. सुंदर दिसतात खरं तर.

डबा पाठवतोय, बारा आहेत. फेब्रुवारीत पास झालीस की लगेच मकस्युतकडे निरोप दे. गावाला जेवण घालायचंय. आणखीही एक बेत आहे. तो तेव्हा सांगेन.

तायाके

●

बिश्केक
२६ फेब्रुवारी

तायाके,

जनावरं-माणसं धड आहेत ना?

परीक्षा पुढे गेली. एजेंची तब्येत बरी नाही, म्हणून जूनमध्ये घेणार आहेत. सगळ्यांचीच पुढे गेली. बेताचं काय ते जूनपर्यंत ठेवा. डोकं ठणकतं तर काल्पाक घालूनच बाहेर पडत जा, थंडी डोक्यात शिरते.

डबे पाठवत राहा.

जीपार

●

कोक-बेल
२ मे

जीपार,

जनावरं-माणसं धड. यंदा कोकरं चांगली झाली, एकशेचार.

जून तर जून. तू घाई करू नकोस. मीही थांबतो, मला कसली घाई आहे?

थोडं लिहितो. कागद लहान आहे.

तायाके

●

बिश्केक
२१ जून

तायाके, तायाके, तायाके!

पास! एजेंनी सही केली. पिशवी फाडायला पाच, भिंग काढायला चार, नवं बसवायला पाच. आणि शेवटी कागदाच्या तळाशी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, "आता डोळ्याकडे बघते." मी तो कागद उशीखाली घेऊन झोपले.

आता खरं सांगते, मारू नका. फेब्रुवारीत परीक्षा पुढे गेली नव्हती. मी नापास झाले होते. पिशवी फाटत फाटत कडेला गेली, मला कळलंच नाही, मी आपली टोकाकडे बघत पुढे पुढे. बाकी तिघं पास झाले. एजे ठणठणीत होत्या, बिचाऱ्यांना मी उगाच आजारी पाडलं. तुम्ही गावभर सांगून ठेवलं असणार, मग तुम्हाला तोंडावर पाडायचं जिवावर आलं. आता झालं गेलं विसरा.

ऑगस्टपासून मला पेशंट मिळणार. पहिला कोण असेल कुणास ठाऊक!

तुमची डॉक्टर जीपार

●

कोक-बेल
३० जून

जीपार,

हे अक्षर सोकोनचं आहे. इशेन बोलतोय, मी लिहितोय. त्याचा चष्मा फुटला म्हणे. (त्याने आयुष्यात चष्मा लावलेला मी पाहिलेला नाही. सोकोन)

जनावरं-माणसं धड आहेत. बाळे, तू पास झालीस, मी अंगणात नाचलो. नापासाचं सांगितलं असतंस तरी काय झालं असतं? मला पाच पिढ्या कोणी पास झालेलं ठाऊक नाही.

आता माझा बेत ऐक. तुझा पहिला पेशंट मी. मागच्या हिवाळ्याच्या आधीपासूनच मला कमी दिसायला लागलं होतं. सोकोन म्हणाला मोतीबिंदू असेल, शहरात जा. (असेल म्हणालो होतो. दाखव असंही म्हणालो होतो. दहा वेळा. सोकोन) पण तेव्हा गेलो असतो तर थोडं दिसतंय म्हणून मोठ्या बाईंनी काढला असता, आणि तू बाजूला उभी राहून कापूस धरला असतास. गावाला मी सांगून बसलोय की माझ्या डोळ्याला पहिला हात माझ्या बहिणीच्या लेकीचा. म्हणून पार पिकवून आणतोय. डाव्याने आता काहीच दिसत नाही. बघ, अगदी तुझ्या वाट्याचा! उजवाही झालाच आहे.

मकस्युतच्या गाडीने १४ ऑगस्टला पोचतो. नवा काल्पाक घेतलाय.

तायाके

●

बिश्केक
२ सप्टेंबर

तायाके,

सोकोन आके, हे वाचताना एक शब्द गाळू नका. मी अशी भित्री निघाले की त्यांच्यासमोर बोलले नाही, म्हणून तुमच्या तोंडून सांगावं लागतंय.

तायाके, त्या दिवशी कालीपा एजे म्हणाल्या, "तुझा पहिला पेशंट, आधी तूच बघ." तुम्ही हनुवटी टेकवली, काल्पाक मांडीवर धरला. मी डाव्या डोळ्यात बघितलं. मोतीबिंदू जेमतेम होता. मग मी दाब मोजला. परत मोजला. मग आत, पार मागे, नसेकडे बघितलं, तर ती पांढरीफटक. तुम्ही विचारलंत, "काय गं, पिकलाय ना?" मी हो म्हणाले. तुम्हाला दिसलं नाही, पण एजेंनी येऊन बघितलं, उठल्या, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बाहेर गेल्या. वर्षभरात त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला.

तो काचबिंदू आहे. डोळ्यात दाब वाढतो आणि नस हळूहळू मरते. मेलेली नस कुठलाच हात परत आणू शकत नाही, माझा नाही, एजेंचा नाही. मी तुम्हाला म्हणाले, "आधी थेंब घालू, मग ठरवू." ठरवायचं काही नाही. शस्त्रक्रिया केली तरी गेलेली नजर येणार नाही. डावा गेला. उजव्यात थोडी फट उरलीय, ती थेंबांनी टिकली तर टिकेल. म्हणून थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत.

आणि आता जे सगळ्यात वाईट आहे ते. तुमची पत्रं मी काढली, तारखेवार जमिनीवर मांडली. ओळी डोंगर चढतात. जानेवारीच्या पत्रात डावीकडची अक्षरं एकावर एक पडलीत. चौकट डावी. मेंढ्या बाजूने उगवतात. डोकं ठणकतं. दिव्याभोवती कडी. तायाके, हे सगळं पुस्तकाच्या एका पानावर आहे, याच क्रमाने. तेच पान मी त्या महिन्यात पाठ करत होते. बाह्यरुग्ण विभागात एखादा अनोळखी म्हातारा यातलं एक वाक्य बोलला असता तर मी त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं असतं. तुमचं पत्र मी हसत हसत खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं.

फेब्रुवारीत खरं लिहिलं असतं की नापास झाले, तर ही कधी पास होईल याचा भरवसा नाही म्हणून तुम्ही थांबला नसता. सोकोन आकेंनी ओढत आणलं असतं. तेव्हा एजेंनी उजवा नक्की वाचवला असता. त्यांना विचारलं मी. त्या खोटं बोलत नाहीत.

माझ्या नावावर ऑगस्टात तीन पेशंट लागले होते. मी एकाला हात लावला नाही. डोळ्यावर चादर पांघरली की खाली तुमचा चेहरा आहे असं वाटतं. एजे म्हणतात, महिना घे. मला महिना नको, मला हे कामच नको. आता डबे पाठवू नका.

जीपार

●

कोक-बेल
२७ सप्टेंबर

जीपार,

सोकोनने एक शब्द गाळला नाही. रडला मात्र मध्ये दोनदा. (हे खरं आहे. सोकोन)

जनावरं धड आहेत. माणसाचं सांगतो.

मला तिथेच कळलं होतं. लहानपणी तू खोटं बोलायचीस तेव्हा तोंडात तळलेले बोर्सोक कोंबल्यासारखी बोलायचीस. "पिकलाय" तसंच म्हणालीस. परतीच्या वाटेवर मकस्युतने तीनदा विचारलं, झालं का? मी म्हणालो, झालं.

चार दिवस मी तुझ्यावर चिडलो होतो, ते लपवत नाही. शिकवून डॉक्टर केली आणि मामाचं पत्र वाचता येत नाही, असं मोठ्याने बोललो. भिंतीला बोललो, सोकोनलाही बोललो. मग पाचव्या दिवशी आठवलं की त्या पत्रांत मीही काही धड लिहीत नव्हतो. शाई गोठली म्हणे! शाई शेकोटीजवळ ठेवली होती. तू नापास लपवलंस, मी आंधळेपण लपवलं. कुणाचं जड, ते मोजत बसायला मला आता वेळ नाही. मला फार वाईट वाटतं, बाळे. सकाळी उठलो की पहिल्यांदा डोंगर बघायची सवय आहे, आणि तो नसतो. एवढं सांगतो आणि पुढे जातो.

उजव्या डोळ्यात जे उरलंय ते मकस्युतच्या गाडीच्या आरशाएवढं आहे. त्यात एका वेळी एकच माणूस मावतो. थेंब सोकोन घालतो, सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून. (एकदाही चुकलेलो नाही. सोकोन)

आता डब्याचं. तू नको म्हणालीस तरी पाठवलाय. काल तुर्सुनकडे जेवण होतं, मेंढी मीच कापली, हाताला डोळे लागत नाहीत त्या कामात. म्हातारी होती, तुला हवी तशी. मुंडीचा मान या वेळी मला दिला. वर्षभरात एकोणसाठ डोळे मी तुला जोडीजोडीने दिले. एक तेवढा एका एकाक्षी मेंढीचा होता. दुसरा डोळा आपणही खायचा असतो, हे मी विसरूनच गेलो होतो. म्हातारे उगाच रागवत नव्हते.

तर डब्यात या वेळी एकच डोळा आहे, कच्चा. दुसरा शिजवून सगळ्यांदेखत मी खाल्ला. कुणी हसलं नाही.

तुझा तू खाऊ नकोस. आधी तो नीट चीर, तुझ्या बाईंना शेजारी बसव आणि पाच मिळव. मग मकस्युतच्या गाडीत बस आणि ये. आरसा लहान होतोय.

तायाके